रिव्हर नेक्टरच्या पाइपात बोळा कोणी घातला

दि. २८/०४/२०२५, सोमवार. वेळ दुपारी ३.१०.

नाव परेश अनंता वैती, वय २२ वर्षं, धंदा वडिलांबरोबर मासेमारी आणि लग्नसराईत डीजेचे स्पीकर उचलणे, शिक्षण बारावी (इंग्रजी राहिलंय), राहणार खारभाट कोळीवाडा, विहिरीसमोरचं निळं घर, कांदिवली पश्चिम, मुंबई उपनगर. घराला नंबर नाही. मोबाईल आहे पण काल पाण्यात पडला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, रिव्हर नेक्टर सोसायटीच्या पाइपात बोळा मी घातला. काल रविवार, तारीख २७, सकाळी सव्वासहाला घातला. एकट्याने घातला. माझे वडील अनंता वैती सकाळपासून चौकीबाहेरच्या बाकड्यावर बसून "मीच केलं" बोलत आहेत, ते खोटं आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही. बोलताना ते कान खाजवतात. साहेबांनी बाहेर जाऊन बघावं.

(हवालदार रतन साहेबांनी बाहेर जाऊन बघितलं. परत येऊन "पुढे सांग" बोलले.)

माझी आई कमळ अनंता वैती, वय ५१, ही रिव्हर नेक्टरच्या गेटाच्या डाव्या हाताला भिंतीला लागून मासे विकायला बसते. एकोणीस वर्षं झाली. सोसायटीला अकरा वर्षं झाली. म्हणजे आई आधीची आहे, भिंत नंतरची आहे. बाबा पोयसर नदीच्या तोंडाला खाडीत जाळं लावतात. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, जे भेटेल ते आई विकते. मी हातभार लावतो. "हातभार" हा शब्द आईला दाखवू नका, ती हसेल.

सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदर नाबर, वय अंदाजे साठ, तक्रार ह्यांनीच दिलीय. ह्यांना बोय खूप आवडते. दर रविवारी स्वतः खाली यायचे, कल्ले उघडून बघायचे, आईला बोलायचे, "अहो कमळबाई, अशी बोय गोव्यात पण नाही मिळत हो." आई त्यांच्यासाठी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, वेगळी काढून ठेवायची. मला घरात कधी दिली नाही.

गेल्या दिवाळीपासून माशांना वास यायला लागला. आधी थोडा, मग जास्त. जानेवारीत एकदा सकाळी नदीच्या तोंडाला बोय मरून पांढऱ्या झालेल्या. बाबा होडीतून हाताने बाजूला करत होते. बाबांनी जाळं पुढे नेलं, खाडीत आत. तरी यायचा वास. कारण काय ते मी नंतर शोधलं.

तारीख ९ मार्च, रविवार, दुपारी दीडच्या सुमारास नाबर साहेब गेटवर आले. हातात स्टीलचा डबा. डब्यात कालवण होतं, शिजवलेलं. आईसमोर सात-आठ गिऱ्हाईकं उभी होती. त्यांनी डबा आईच्या पाटीत उपडा केला, कोळंबीवर. बोलले, "घे, वास घे. गटारात पकडता काय गं तुम्ही?" अकरा वर्षं अहो-जाहो होतं. त्या दिवशी "गं" झालं.

आईने कालवणातून कोळंबी वेचली, पाटी उचलली, घरी आली. घरी येऊन हात धुतले. लिंबू लावून परत धुतले. राख लावून परत धुतले. मग माझ्यापुढे हात केले आणि विचारलं, "पऱ्या, वास येतं का रं?" मी बोललो, नाय येत.

(खरंच येत नव्हता का, असं साहेबांनी विचारलं. मी बोललो, पुढचं लिहा.)

त्यानंतर आठवड्याने गेटावर बोर्ड लागला, "दुर्गंधीमुळे येथे मासे विकण्यास मनाई." १८ मार्चला अतिक्रमणवाली गाडी आली. पाटी, पाट, कोयता, छत्री सगळं घेऊन गेली. आई आता घरी बसून शेजाऱ्यांची सोड्यांची कोळंबी सोलते. त्या जागेवर सोसायटीने दोन कुंड्या ठेवल्यात. कुंडीत काय लावलंय ते मला माहीत नाही, काटे आहेत.

आता कारण सांगतो. सोसायटीच्या तळघरात सांडपाणी साफ करायचं मशीन आहे, त्याला सगळे प्लांट बोलतात. संडास-बाथरूमचं पाणी त्यात जायला पाहिजे, साफ होऊन झाडांना आणि फ्लशला यायला पाहिजे. हा प्लांट दिवाळीपासून बंद आहे. लाइट जास्त खातो म्हणून बंद केला. प्लांटवर कामाला माझा शाळेतला दोस्त नितेश होता, मालवणचा. नितेशने मला ह्यातलं काहीच सांगितलं नाही. तपासणीवाले आले की एक तास पंखा चालू करतात, हे नितेशने सांगितलं नाही. नमुन्याची बाटली पिण्याच्या टाकीतून भरतात, हेही त्याने सांगितलं नाही. "अरे पऱ्या, ह्यो सगळो मैलो खंय जाता ठाव आसा तुका?" असं तर तो मुळीच बोलला नाही. नितेश परवा नोकरी सोडून गावी गेला म्हणून नाव घेतलं, नाहीतर घेतलं नसतं.

मैला कुठे जातो ते मी स्वतः बघितलं. सोसायटीची मागची भिंत नदीत उतरते. तिथे तिवरं, म्हणजे खाडीतली झाडं, दाट आहेत. तिवरात, भिंतीच्या पायाला, एक पाइप आहे. काळा, जाड, नऊ इंची. भरतीत पाण्याखाली असतो, कोणाला दिसत नाही. उधाणाच्या ओहोटीला पाणी पार खाली गेलं की दीड तास उघडा पडतो. लोखंडी पुलापासून होडीने खाली आलं की भिंतीला तडा गेलाय, त्या तड्यापासून अकरा पावलं. मी मोजलीत. सगळं तिथून येतं. काय काय येतं ते साहेबांनी लिहू नये असं मला वाटतं, पण लिहायचं असेल तर मी सांगायला तयार आहे.

(एवढं पुरे, असं साहेब बोलले.)

त्या पाइपापासून बाबांच्या जुन्या जाळ्याच्या खुंट्यांपर्यंत होडीने चार मिनिटं लागतात. म्हणजे नाबर साहेबांच्या ताटात जी बोय गेली, ती नाबर साहेबांचंच खाऊन मोठी झालेली. हे मला कळलं त्या दिवशी मी रात्री जेवलो नाही. मग ठरवलं की ज्याचा माल त्याला परत द्यायचा.

आधी दुसरे विचार केले होते ते पण सांगतो, नंतर बोलायला नको की लपवलं. लिफ्टमध्ये सुकट ठेवायची. नाबरांच्या गाडीच्या एसीत बोंबील घालायचा. पण त्याने काय झालं असतं, परत बोलले असते कोळ्यांचा वास. मला त्यांचाच वास पाहिजे होता.

काल अमावस्या होती. अमावस्येला ओहोटी सकाळी सहाच्या पुढे तळाला जाते आणि भरती दुपारी बाराच्या पुढे भरते. हे कोळीवाड्यात लहान पोरगं पण सांगेल. सोसायटीत काल साडेअकराला कार्यक्रम होता. कुठल्यातरी संस्थेचा पुरस्कार, "स्वच्छ नदीचा सोबती" असा. बोर्ड आठ दिवस आधीपासून गेटावर होता, आईच्या जागेच्या बरोबर वर. रविवारी सगळे घरी असतात, सगळे उशिरा अंघोळ करतात. एकशे चाळीस घरं. मला फक्त जायची वाट बंद करायची होती, बाकीचं काम त्यांनी स्वतः केलं.

सामान: सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या, त्यात रेती. एक फाटकी गादी. बाबांच्या जुन्या डोल जाळ्याचा तुकडा. नायलॉनची दोरी. सव्वासहाला होडी तिवरात घातली. गादी गुंडाळून आत सारली, वल्ह्याने ठोकली. मागे गोण्या. वरून जाळं ओढून पाइपाच्या गळ्याला आवळलं आणि दोरी तिवराला बांधली. भरतीचं पाणी बाहेरून दाबणार, म्हणजे बोळा अजून घट्ट बसणार. पावणेसातला काम झालं. बाहेर आलो, खाडीत अंघोळ केली, मग घरी परत अंघोळ केली.

ह्यात माझ्याकडून एक चूक झाली. आमच्यात खाडीत काही सोडलं की त्यावर बोया बांधायचा. बोया म्हणजे तरंगणारा कॅन, घराची खूण असलेला. नाही बांधला तर दुसऱ्याचं जाळं अडकून फाटतं आणि ते पाप असतं. हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात. मी गुन्हा करतोय हे डोक्याला माहीत होतं, पण हात आपलं काम करत होते. हातांनी बोया बांधला. निळा कॅन, तीन पांढरे पट्टे. अख्ख्या खाडीत माहीत आहे, तीन पट्टे म्हणजे अनंता. मला घरी येऊन चहा पितानासुद्धा आठवलं नाही.

साडेदहाला मी सोसायटीच्या गेटाबाहेर दोन कुंड्यांच्या मध्ये उकिडवा बसलो. तिथून क्लबहाउसची काच समोर दिसते. पावणेअकराला तळघरातून एक वॉचमन नाक धरून वर आला. अकरा वीसला क्लबहाउसच्या संडासाचा दरवाजा उघडून एक बाई पळत बाहेर आली. अकरा चाळीसला नाबर साहेब माइकवर होते, संस्थेच्या लोकांचे आभार मानत होते. मागे बॅनर होता, "आमच्याकडून नदीत एक थेंबही घाण नाही." तो थेंब तेव्हा कार्पेटखालून येत होता. पहिल्या रांगेतल्या लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग पायाकडे, मग खुर्च्यांवर चढले. नाबर साहेब शेवटपर्यंत बोलत होते, त्यांना वाटलं लोक उभे राहून टाळ्या वाजवणार.

अकरा पन्नासला सगळे गेटाबाहेर रस्त्यावर होते. नाबर साहेबांचे बूट क्रीम कलरचे होते, आता नव्हते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मला ओळखलं नाही. मी त्यांना बोललो, "साहेब, ताजा आहे. वास घेऊन बघा." हे मी बोललो ते खरं आहे. हसलो तेही खरं आहे. तेव्हा त्यांनी मला ओळखलं.

पश्चात्ताप होतो का, असं साहेबांनी विचारलं. नाबरांसाठी होत नाही. परत अमावस्या आली तरी होणार नाही. एका गोष्टीचा होतो. मला वाटलं होतं की घाण त्यांना स्वतःला काढायला लागेल. ते सगळे हॉटेलात जेवायला गेले. घाण काढायला दोन सफाईवाले आत उतरले, मास्क नाही, हातमोजे नाहीत, एकाच्या पायात नुसती चप्पल. ते माझ्या हिशोबात नव्हतं. तिथे मी चुकलो. त्यांच्यापुरता मला जो काय दंड द्यायचा तो द्या.

काल संध्याकाळी ओहोटीला ह्याच दोघांना नाबरांनी तिवरात उतरवलं. त्यांनी बोळा कापून काढला, पाइप परत सुरू झाला. तिथे त्यांना बोया सापडला. मला हे त्यांनीच सांगितलं, मी रात्री त्यांच्याकडे साबण आणि पायाला लावायचं औषध घेऊन गेलो होतो. मी त्यांना काही बोललो नव्हतो. त्यांनीच माझ्याकडे बघून विचारलं, "तीन पट्टे तुमचे ना रे?"

आज सकाळी नऊला पोलीस घरी आले, कॅन दाखवला. मी तेव्हा बर्फ आणायला गेलो होतो. बाबांनी कॅन बघितला आणि बोलले, "माझा." मी केलं हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. त्यांना हेही माहीत होतं की मला पुढच्या महिन्यात मालवाहू बोटीवर भरती व्हायचंय आणि त्याला पोलिसांचा कोरा दाखला लागतो. आईने त्यांना चप्पल दिली आणि ते गेले. आई दारातच उभी होती. मी बर्फ घेऊन आलो तेव्हा बोलली, "बापूस गेलं तुझं. बरफ कोळंबीवर टाक."

मी इथे आलो तेव्हा बाबांच्या हातात कागद होता. नाबर साहेबांनी टाइप करून आणलेला. त्यात लिहिलंय की अनंता वैती माफी मागतो आणि त्याची बायको कमळ ही सोसायटीच्या आसपास कधीच धंद्याला बसणार नाही, ती जागा तिची नव्हती आणि नाही. सही केली की तक्रार मागे. नाबर साहेब बाजूला बसून बाबांना पेन देत होते. बोलत होते, "अनंता, मी माणुसकीने सांगतोय." बाबांनी पेन घेतलेलं. बाबा वीस मिनिटं कागद वाचत होते, त्यांचा चष्मा घरी आहे. मी पेन काढून घेतलं. पेन माझ्या खिशात आहे, नाबरांचं आहे, ते पण जप्त करा.

त्या जागेसाठी मी हा जबाब देतोय. बाबांनी सही केली तर आई आयुष्यात परत तिथे बसणार नाही. आणि मी तिला सांगितलंय की ती बसणार.

आता नाबर साहेबांच्या तक्रारीबद्दल. ती मला साहेबांनी वाचून दाखवली. त्यात लिहिलंय, "अज्ञात इसमाने तळघरातील चेंबरमध्ये कचरा टाकून तुंबवले व सदर निळा कॅन तेथेच मिळून आला." हे खोटं आहे. मी तळघरात कधी गेलो नाही. मला वॉचमन गेटाच्या आत सोडत नाही, कारण मी एकदा त्याच्या बुटात चिंबोरी सोडली होती. ते वेगळं प्रकरण आहे. कॅन साहेबांच्या टेबलावर आहे. दोरीची गाठ ओली आहे, चिखल खाडीचा आहे, काळा. गाठीत तिवराचं पान आहे. साहेबांनी गाठ सोडून बघावी.

(साहेबांनी पंचांसमोर गाठ सोडली. गाठीतून एक लहान चिंबोरी, जिवंत, बाहेर आली व टेबलावर फिरू लागली. तिच्यावर पेला पालथा घालून तिला ताब्यात घेतले.)

मी साहेबांना विचारलं, तळघराच्या चेंबरमध्ये चिंबोरी कुठून आली? साहेब हसले नाहीत पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग मी सांगितलं की साहेब, पाइपाचं नाव तक्रारीत का नाही ते बघा. कारण तो पाइप कागदावर कुठेच नाही. सोसायटीच्या नकाशात नाही. पुरस्कारवाल्यांना माहीत नाही. आम्ही कोळीवाड्यातून पालिकेत दोन अर्ज केले, उत्तर आलं की अशी कोणतीही वाहिनी अस्तित्वात नाही. आता मी बोलतोय की त्या पाइपात मी बोळा घातला. मला गुन्हेगार करायचं तर आधी पाइप पाहिजे. जो पाइप नाही त्यात बोळा कसा घालणार? म्हणून माझ्यावर केस करा. कलम कुठलं ते साहेबांनी बघावं, मोठं असेल तरी चालेल. फक्त त्यात पाइप लिहा. नऊ इंची. काळा. तड्यापासून अकरा पावलं.

बोटीची भरती गेली तरी चालेल का, असं साहेबांनी विचारलं. पुढच्या वर्षी पण बोटी असतील.

मघाशी पावणेचारला साहेब पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा नाबर साहेबांनी त्यांना दारात गाठलं आणि बोलले की तक्रार मागे घेतो, पोरगं आहे, माफ केलं. हे मी आतून ऐकलं. माझी हरकत आहे. मला माफी नको. त्यांनी कमळबाईंच्या पाटीत डबा उपडा केला त्याची माफी तेवढी त्यांनी तिला मागायची आहे, अहो-जाहो करून, गेटावर, गिऱ्हाईकं असताना. ती आई देईल की नाही ते मला माहीत नाही. नाही दिली तर बरं.

आज संध्याकाळी सात दहाला पाणी तळाला जाईल. पाइप उघडा पडेल. साहेबांनी पंच, फोटोवाला आणि टॉर्च घेऊन यावं, होडी मी देतो. आज नाही आलात तर उद्या पाइप तिथे नसेल. सोसायटीच्या मागे आज सिमेंटच्या सहा गोण्या येऊन पडल्यात, येताना बघितल्या. ते तोंड बुजवतील, मैला दुसरीकडून सोडतील आणि मग मी नसलेल्या पाइपात बोळा घालणारा येडा ठरेन.

जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी नियमाप्रमाणे तो मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. मी हात जोडले, बोललो साहेब, हळू वाचा, दाराबाहेर नाबर बसलेत. साहेबांनी दार लावलं आणि पुटपुटत वाचला. ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, खाली सही केली आहे ती माझीच. फक्त साहेब, सात दहापर्यंत कोणाला सांगू नका. चहा घेऊन येणाऱ्याला नको, तुमच्या वरच्या साहेबांना नको, माझ्या बाबांनाही नको, ते कान खाजवतील आणि नाबरांना कळेल. पाया पडतो. कोणालाच नको.

जबाब देणार,
परेश अनंता वैती